तिसरी-चौथी एका खोलीत, २९ मुलं आणि चार पातळ्या : वर्ग कसा सांभाळता?

रानजाई | १४ जुलै, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यातल्या एका लहान गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, नोकरीचं अकरावं वर्ष. पट ५६, शिक्षक दोन. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या हिशेबाने ६० पटापर्यंत दोनच शिक्षक मिळतात, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. मुख्याध्यापकांचा पदभार असलेल्या सरांकडे पहिली-दुसरी आणि माझ्याकडे तिसरी-चौथी, २९ मुलं.

अडचण अशी आहे. चौथीला भागाकार शिकवायला उभी राहिले की तिसरीला "धडा उतरवून काढा" सांगते. पहिली दहा मिनिटं शांतता. मग पेन्सिलीवरून भांडण, "बाई हा बघा ना", "बाई पाणी पिऊन येऊ?" सुरू. तिसरीकडे वळले की चौथी सुटते. दिवसातला अर्धा वेळ "गप्प बसा" म्हणण्यात जातो.

मागच्या आठवड्यात एकेकाला जवळ बसवून वाचून घेतलं. २९ पैकी ४ जणांची अक्षरं पक्की नाहीत, ७ जण शब्दावर अडतात, ८ जण परिच्छेदापर्यंत येतात, १० जण गोष्ट नीट वाचतात. तिसरी आणि चौथी दोन्हींत सगळ्या पातळ्यांची मुलं आहेत. अक्षरांवर अडलेल्या चौघांत चौथीतला एक मुलगा आहे. सगळ्यात जास्त गोंधळ त्याचाच. दिवसात पाच-सहा वेळा बाहेर जातो, दुसऱ्याची वही ओढतो, बाकाखाली शिरतो. परवा मी त्याच्यावर इतकी ओरडले की माझाच घसा बसला. तो खिडकीखाली बसून नुसता बघत राहिला माझ्याकडे. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एका इयत्तेला शिकवताना दुसरीला खऱ्या अर्थाने कामाला कसं लावायचं? आणि या मुलाला चारचौघांत खाली न दाखवता वेगळं काम कसं द्यायचं?

घाई अशासाठी की दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात. वर्गातली ११ मुलं आईबापाबरोबर ऊसतोडीला जातील ती उन्हाळ्यातच परत येतील. माझ्या हातात साडेतीन महिने आहेत.

---

बोरू | १४ जुलै, रात्री ११.०५

बाई, तुम्ही २९ जणांचं एकेकट्याचं वाचन ऐकलंत, इथेच निम्मं काम झालं. मी सातारा जिल्ह्यात ३३ वर्षं नोकरी करून केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालो. बहुवर्ग शाळेत १४ वर्षं काढली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी चार दिवस एक करा. गोंधळ कधी सुरू होतो ती वेळ वहीत टिपा, बाकी काही नको. माझ्या वर्गात दोनच जागा सापडल्या होत्या : एक विषय संपून दुसरा सुरू होण्यामधली आणि दुसरी खिचडीच्या सुट्टीनंतरची. मी सगळ्या दिवसभराचा गोंधळ समजत होतो, तो दिवसातल्या वीस-पंचवीस मिनिटांचा होता.

आता "उतरवून काढा" बद्दल. ज्याला वाचता येतं त्याला त्यात करण्यासारखं काही नाही आणि ज्याला येत नाही तो नुसती चित्रं काढल्यासारखी अक्षरं काढतो. दोघांचीही डोकी रिकामी. मुलांना बाईंशिवाय करता येईल, आणि चूक झाली तर त्यांची त्यांना कळेल, असं काम हवं. शब्दकार्ड आणि चित्रकार्डाच्या जोड्या लावा, जोडी चुकली तर शेवटी एक कार्ड उरतं, मूल आपणच मागे जातं. चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग करून सांगितलेली संख्या मांडायची. पाच शब्दांच्या चिठ्ठ्या उचलून त्यावरून गोष्ट जुळवायची. हे सगळं खोक्यात भरून ठेवा, प्रत्येक गटाला एक खोकं. खोकं आणणं, नेणं, मोजून ठेवणं मुलांकडे. गटप्रमुख दर सोमवारी बदला, नाहीतर तोच एक मुलगा छोटा मास्तर होऊन बसतो आणि बाकीचे त्याच्यावर रुसतात.

दुसरं, दिवसातला एक तास इयत्ता विसरा. तिसरी-चौथी एकत्र करून वाचनाच्या पातळीप्रमाणे बसवा. शिक्षणात काम करणाऱ्या प्रथम या स्वयंसेवी संस्थेने हीच पद्धत देशभर नेली, मुलांचं वाचन तपासणाऱ्या 'असर' नावाच्या देशव्यापी पाहणीतही अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट याच पायऱ्या असतात. त्या तासात तुम्ही स्वतः अक्षरवाल्या चौघांजवळ जमिनीवर बसा. गोष्ट वाचणाऱ्यांना तुमची गरज कमी लागते. आपण मात्र नेमकं उलट करतो, हात वर करणाऱ्यांपुढेच उभे राहतो. दर पंधरा दिवसांनी पुन्हा वाचून घ्यायचं आणि मूल पुढे सरकलं की त्याच दिवशी गट बदलायचा.

आमच्याकडच्या कुमठे बीटचं (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) काम बघायला राज्यभरातून शिक्षक यायचे. तिथे जमिनीवर आखलेले तक्ते, मुलांच्या हाताला येईल असं साहित्य, गटात बसून बोलणारी मुलं दिसायची. माझ्याच केंद्रातल्या दोन-तीन शाळांनी परत येऊन फरशी रंगवली आणि शिकवणं होतं तसंच ठेवलं. काही महिन्यांत रंग उडाला. तुम्ही रंगाआधी खोकी करा.

आणखी एक सांगतो, फार वर्षं मनात आहे. नोकरीच्या सुरुवातीला मी मारायचो. एका मुलाला सलग तीन दिवस पाढ्यांवरून मारलं, चौथ्या दिवसापासून तो शाळेत आला नाही. पुढे मी त्या गावात असेपर्यंत तो गुरं राखताना दिसायचा आणि मला बघून वाट बदलायचा. शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास या दोन्हींवर आज आरटीईच्या कलम १७ ने बंदी आहे, ती असायलाच हवी. तेव्हा कायदा नव्हता हे काही उत्तर होत नाही. तुमची झोप उडाली, ती योग्य कारणासाठी उडाली.

---

चौथा बाक | १५ जुलै, सकाळी ७.२०

बोरू सरांचं वाचून गलबलून आलं.

मी शहरातल्या अनुदानित शाळेत आठवी-नववीला गणित शिकवतो. वर्गात ५८ मुलं, तासिका ३५ मिनिटांची, बाक जमिनीला ठोकलेले. गट करायला जागा नाही आणि पुढच्या तासाला दुसरे सर दारात उभे असतात. त्यामुळे खोकी वगैरे मला जमणारं नाही, पण जे जमलं ते सांगतो. रानजाई ताईंना त्यातलं थोडं उपयोगी पडेल.

मी वर्गात शिरण्याआधी फळ्यावर काम असतं. आदल्या तासाच्या सरांना विनंती करून फळ्याचा उजवा कोपरा मोकळा ठेवून घेतो, मधल्या सुट्टीत तिथे तीन उदाहरणं लिहितो. पहिलं असं की ५८ च्या ५८ मुलांना यावं. दुसरं कालचं. तिसरं डोकं खाजवायला लावणारं. मुलं बसतात तीच वही उघडून. हजेरी होईपर्यंत मागच्या बाकावरच्यालाही एक उदाहरण बरोबर आल्याचं समाधान मिळालेलं असतं. पूर्वी मी तासाची सुरुवातच अवघडाने करायचो. अर्धा वर्ग पहिल्या पाच मिनिटांत हात टेकायचा आणि मग उरलेली तीस मिनिटं त्यांना बोलण्यावाचून दुसरं कामच नसायचं. मी त्याला बेशिस्त म्हणायचो.

गृहपाठातही तेच : दहा उदाहरणांपैकी कुठलीही सहा निवडा. सुरुवातीला बरेच जण सोपी निवडतात. महिन्याभरात बहुतेक जण आपणहून वरच्या उदाहरणांना हात घालतात, कारण शेजारचा घालतो.

वह्या रोज १२ च तपासतो, पण नीट. पाच दिवसांत सगळ्यांच्या होतात.

---

कृष्णाकाठ | १५ जुलै, दुपारी २.१५

मी शिक्षिका नाही, आई आहे. बोरू सर, गटांबद्दल तुम्ही म्हणता ते पटतं, पण एक विचारते. गटांना नावं काय देता?

माझा मुलगा तिसरीत असताना त्याच्या शाळेत अ, ब, क असे गट केले होते. हेतू चांगलाच असणार. एके दिवशी घरी येऊन भाकरी खाता खाता म्हणाला, "आई, मी क आहे." वर्षभर क च राहिला. गट बदलतात हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि त्याचा बदललाही नाही. वर्गातली मुलं खेळतानाही त्याला क म्हणायची. पोटदुखी, डोकेदुखी, शाळेला दांड्या, सगळं तिथून सुरू झालं.

पाचवीत दुसऱ्या शाळेतल्या बाईंच्या लक्षात आलं की तोंडी विचारलं तर याला सगळं येतं, लिहायला सांगितलं की पान कोरं. तपासणी केली, अध्ययन अक्षमता निघाली. मी तेव्हा रडले, पण त्याला मात्र हायसं वाटलं. "म्हणजे मी ढ नाही," हे त्याचं पहिलं वाक्य. त्या बाई त्याची विज्ञानाची उत्तरं तोंडी घ्यायच्या आणि त्याच्याकडून आकृत्या काढून घ्यायच्या. दहावीला प्रमाणपत्रावर लेखनिक आणि जादा वेळ मिळाला. आज आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स करतो आहे आणि घरातलं सगळं वायरिंग त्यानेच नवं केलंय.

म्हणून हात जोडून सांगते, गट करा, पण नावावरून वर-खाली कळेल असं काही नको. आणि घरी कळवा. आम्हाला समजत नाही असं नसतं.

---

बोरू | १५ जुलै, दुपारी ४.३०

कृष्णाकाठ ताई, तुम्ही माझी चूक दाखवलीत. माझ्या केंद्रातही प्रगत-अप्रगत अशा याद्या भिंतीवर लागायच्या आणि मी त्या बघून सही करायचो. नावं मुलांनाच ठेवू द्यावीत, झाडांची, नद्यांची, काहीही. यादी बाईंच्या वहीत. आणि दिवसभर तोच गट नको. तो एकच तास पातळीचा, गणिताला वेगळी माणसं, चित्रकलेला आणखी वेगळी. वाचनात मागे असलेलं मूल मातीकामात पुढे दिसलं की वर्ग त्याच्याकडे निराळ्या नजरेने बघतो.

---

दिवली | १५ जुलै, रात्री ८.५०

समग्र शिक्षा अभियानात विशेष शिक्षिका आहे, तालुक्यातल्या शाळा फिरते.

रानजाई मॅडम, त्या मुलाचे डोळे आणि कान आधी बघून घ्या. रोज फळ्यापासून दूर बसतो का, हाक मारल्यावर मान वळवतो की शेजाऱ्याने हलवल्यावर वळतो, सर्दीत जास्त गोंधळ करतो का. मुलांची आरोग्य तपासणी करणारं आरबीएसकेचं सरकारी पथक शाळेत येतं तेव्हा हे मूल त्या दिवशी हजर राहील एवढं बघा. सारखा उठणारा मुलगा खोडकर म्हणून माझ्याकडे पाठवला जातो आणि चष्मा लागल्यावर जागेवर बसतो, असं मी डोळ्यांनी पाहिलंय. दरवेळी तसं नसतं, पण आधी तेच बघायचं.

मग त्याच्या चुका वाचा. किती चुकलं त्यापेक्षा काय चुकलं ते महत्त्वाचं. आपली लिपी मुलांना काही ठिकाणी फसवते. 'कि' लिहिताना वेलांटी आधी काढायची आणि उच्चारताना ती नंतर येते. 'सूर्य' म्हणताना र आधी ऐकू येतो आणि लिहिताना रफार होऊन य च्या डोक्यावर जातो. जो मुलगा ऐकू आलं त्याच क्रमाने लिहितो तो कान उघडे ठेवून लिहितोय, त्याला शाबासकी देऊन मग रीत सांगायची. घ-ध, भ-म, प-ष अशा जोड्यांत अडतो का ते वेगळं टिपा. या जोड्या एकाच दिवशी शिकवू नका. घ पक्का झाला की आठवड्याने ध.

हातात वाळूचं ताट द्या, बोटाने मोठं अक्षर गिरवू द्या. वाचनाच्या ओळीखाली पुठ्ठ्याची पट्टी सरकवायला द्या. बाहेर जावंसं वाटणाऱ्या मुलाला बाहेर जाण्याचंच काम नेमून द्या : घंटा देणं, पाण्याची टाकी बघणं, पहिलीच्या वर्गातून खडू आणणं. उठायचं कारण त्याच्याकडे असलं की चोरून उठावं लागत नाही.

एकच विनंती. नाव तुम्ही देऊ नका. विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत येते, पण ते ठरवायला नीट तपासणी लागते. तीन महिने नियमित मदत देऊनही हलला नाही तर तालुक्याच्या गटसाधन केंद्रात कळवा. तोवर तो शिकायचा राहिलेला मुलगा आहे, एवढंच.

---

पळसफूल | १६ जुलै, सकाळी ६.४५

यवतमाळ जिल्ह्यात बंजारा तांड्यावरच्या शाळेत आहे. दिवली मॅडमच्या यादीत भर घालते : घरची भाषा. माझ्या पहिल्या वर्षी एक मुलगी चार महिने तोंडच उघडत नव्हती. मी आई म्हणत होते, तिच्या घरात याडी. मी भाकरीचं चित्र दाखवत होते, ती मनात बाटी म्हणत होती. चूक होईल या भीतीने गप्प बसत होती आणि मी शेरा लिहिला होता, "प्रतिसाद देत नाही." मी तिच्या आजीकडून शंभरेक शब्द शिकून घेतले आणि वर्गात मुद्दाम चुकीचे उच्चारले. सगळा वर्ग हसला, तीही हसली आणि मला दुरुस्त करायला उठली. तिचं वर्गातलं पहिलं बोलणं ते.

आणखी एक, गणितासाठी. त्या मुलाला पंचवीस लिहायला सांगा. ५२ लिहिलं तर रागवू नका, पंचवीसमध्ये पाच आधी ऐकू येतो. एकोणतीसचं तर ३९ किंवा ३१ होतंच, कारण त्या शब्दात नऊ कुठेच नाही, तीस मात्र आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' अशी वाचायची रीत आली तेव्हा केवढा वाद झाला. मी माझ्या वर्गात दोन्ही म्हणून घेते. काड्यांचे दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या हातात असताना "वीस पाच, म्हणजे पंचवीस" म्हटलं की मुलांचं लिहायला चुकत नाही. आपल्या भाषेतली जुनी नावं मुळीच जाऊ नयेत, पण मूल त्या नावांपाशी पोचायला हवं.

---

रानजाई | २३ ऑगस्ट, रात्री १०.१०

उशीर झाला त्याबद्दल माफ करा. पाच आठवड्यांत जे झालं ते लिहिते.

गोंधळाच्या वेळा टिपल्या. बोरू सरांनी सांगितलं तसंच निघालं, खिचडीनंतर आणि विषय बदलताना. आता खिचडीनंतर पंधरा मिनिटं मी गोष्ट वाचते, रोज पुढचा भाग. दारात चप्पल काढेपर्यंतच आवाज असतो.

खोकी केली, पाच. भावाच्या किराणा दुकानातली बिस्किटांची खोकी आहेत. पहिल्या आठवड्यात तीनमधली कार्डं हरवली. मोजून ठेवायचं काम नेमून दिल्यावर एकही नाही.

पातळीचा तास मात्र पहिल्यांदा फसला. चौथीतल्या एका मुलीला तिसरीच्या मुलांत बसायला लागलं, ती रडत घरी गेली, दुसऱ्या दिवशी आई आली. मी कृष्णाकाठ ताईंची पोस्ट आधी वाचूनही घरी कळवलं नव्हतं. मग पालकसभा घेतली, वाचून दाखवायला लावलं, गट बदलतो हे सांगितलं. त्यानंतर तीच मुलगी पंधरा दिवसांत पुढच्या गटात गेली आणि तिची आई दर शनिवारी "आज कुठल्या झाडाखाली?" विचारते. गटांची नावं आहेत चिंच, बाभूळ, लिंब, बोर.

आणखी एक चूक लक्षात आली. मी चौघांपाशी बसू लागले आणि वाचता येणारी दहा मुलं तशीच राहिली. त्यांतली तीन तर शाळेतली सगळी पुस्तकं संपवून बसली होती. आता त्यांना गावातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकून एकेक गोष्ट लिहून आणायला सांगितलीय. १९७२ च्या दुष्काळातल्या कामांच्या आठवणी आल्यात, आणि काय लिहिलंय पोरांनी! ती पानं शिवून तेच पुस्तक परिच्छेदवाल्यांना वाचायला देते.

तो मुलगा. डोळे-कान ठीक आहेत. पंचवीस लिहायला सांगितलं, ५२ लिहिलं. त्याच दुपारी त्याला विचारलं, आज बाजारात वीसची नोट आणि पाचचं नाणं दिलं तर किती? चटकन पंचवीस म्हणाला. नोटांची कागदी चित्रं करून दिली, आता गणितात तो तिसरीबरोबर नीट चालतोय. वाचन हळू आहे. जुलैत ९ अक्षरं ओळखत होता, आज २४. शब्द अजून जुळवता येत नाहीत. घंटा त्याच्याकडे आहे. उठणं कमी झालंय, थांबलेलं नाही. परवा पुन्हा एकाची वही फाडली. मी ओरडले नाही, शाळा सुटल्यावर दोघांना घेऊन ती चिकटवली.

आता पुढचा प्रश्न. तो त्या ११ जणांतला आहे. घरी म्हातारं कुणी नाही, त्यामुळे गावातल्या हंगामी वसतिगृहात ठेवायला आई तयार नाही, धाकट्या बहिणीला सांभाळायला तोच लागतो. २४ अक्षरं घेऊन तो फडात जाईल आणि उन्हाळ्यात येईल तेव्हा किती उरतील?

---

बोरू | २३ ऑगस्ट, रात्री ११.३०

शिक्षण हमी पत्रक भरून आईच्या हातात द्या. ते दाखवून कारखान्याजवळच्या शाळेत बसता येतं. पण नुसत्या पत्रकावर तिथल्या शिक्षकाला तो कुठवर आलाय ते कळणार नाही. सोबत एक वही द्या. पहिल्या पानावर त्याला येणारी अक्षरं, राहिलेली अक्षरं, नोटांनी गणित येतं ही ओळ, आणि घंटा त्याच्याकडे होती हेही लिहा.

---

दिवली | २४ ऑगस्ट, सकाळी ७.०५

वहीत रोजचं एक पान, दहा मिनिटांचं. आणि बहिणीला शिकवायची पानं वेगळी काढा, तिला तो सांभाळणारच आहे. कार्डांचा एक छोटा संच बांधून द्या.

---

कृष्णाकाठ | २४ ऑगस्ट, सकाळी ९.३०

रानजाई ताई, टोळी कुठल्या भागात येते? दर वर्षी आमच्या गावाबाहेर ऊसतोड्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या पडतात, बीडकडचीच माणसं असतात. आमच्या गल्लीतच जिल्हा परिषद शाळेच्या बाई राहतात, मी त्यांच्याशी आजच बोलते. आमच्या बाजूला आला तर मी स्वतः त्याला शाळेत नेऊन बसवेन. माझा मुलगाही संध्याकाळी कोपीवर जाईल, त्याला मी धागा वाचून दाखवला, तोच म्हणाला.

---

रानजाई | २४ ऑगस्ट, रात्री ९.५५

ताई, काय लिहू? कारखाना अजून ठरलेला नाही. दसऱ्याच्या आसपास टोळी नेणारा मुकादम सांगतो, तेव्हा आईला विचारून इथेच लिहिते. गेल्या वर्षी ते कराडच्या बाजूला होते म्हणे.

वही आजच शिवायला घेतली. २०० पानी आहे, वर प्लॅस्टिक लावतेय, फडात दवाने भिजायला नको.